वारा आत, मधमाशी बाहेर : सायकलचे हेल्मेट निवडताना

पुण्यात सायकलचे हेल्मेट घ्यायला गेले की दुकानदार रंग, वजन आणि किंमत यांविषयी भरभरून सांगतो; परंतु पुढच्या झरोक्यांना आतून जाळी आहे का, हा प्रश्न बहुधा गिऱ्हाइकालाच विचारावा लागतो. माझ्या मते हा प्रश्न रंग आणि वजन यांच्याही आधी विचारायला हवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा डोक्याला वारा लागलाच पाहिजे आणि त्यासाठी झरोके मोठे हवेत. पण झरोका मोठा म्हणजे किड्यालाही वाट मोठी.

कात्रजच्या जुन्या बोगद्याकडून पुण्याच्या बाजूला उतरताना आमच्या गटातील एका ज्येष्ठ सायकलस्वाराच्या हेल्मेटमध्ये मधमाशी शिरली, तेव्हा मी त्यांच्या मागेच होतो. घाटातल्या उतारावर, मागून ट्रक येत असताना, त्यांचा एक हात आपसूक डोक्याकडे गेला आणि सायकल रस्त्याच्या मध्याकडे झुकली. सुदैवाने त्यांनी तोल सावरला आणि कठड्यापाशी थांबून बक्कल सोडले. केस बाजूला सारल्यावर दिसले की माशी गेली होती, पण नांगी टाळूतच रुतली होती आणि तिच्या टोकाची विषाची इवलीशी पिशवी अजून आकसत-फुगत होती. अशा वेळी नांगी नखाने खरवडून काढायची की चिमटीने, या विचारात वेळ दवडू नये. ती जितक्या लवकर निघेल तितके विष कमी उतरते. ज्यांना मधमाशीच्या विषाची तीव्र ॲलर्जी आहे त्यांच्या जिवावर बेतू शकते हे खरेच. पण ज्यांना ती नाही, त्यांनाही खरा धोका असतो तो दंशामुळे क्षणभर सुटणाऱ्या हँडलचा.

आपल्याकडे किड्यांची ये-जा वर्षभर चालते. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी दिव्यांभोवती पंख फुटलेल्या वाळवीचे थवे उठतात. खडकवासल्याच्या काठाने किंवा पाषाण तलावाच्या बाजूने दिवस मावळताना जावे, तर चिलटे तोंडावर येतात. मुळा-मुठेच्या काठावर तर विचारायलाच नको. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर आणि खराडीच्या बाजूला नदीवर किड्यांचे उंचच उंच खांब उठलेले साऱ्या शहराने पाहिले. आग्यामाश्यांची मोहोळे उंच इमारतींच्या सज्जांखाली आणि किल्ल्यांच्या कड्यांवर लटकलेली असतात. एखादे मोहोळ उठलेच, तर कोणतीही जाळी पुरी पडणार नाही. तिथून निघून जाणे एवढाच उपाय. जाळी आहे ती वाटेत आडव्या येणाऱ्या एकट्यादुकट्या माशीसाठी.

आता वाऱ्याविषयी. झरोक्यांची संख्या मोजून हेल्मेट घेऊ नये, कारण पुढून शिरलेला वारा डोक्यावरून वाहत मागच्या झरोक्यांतून बाहेर पडला तरच गारवा लागतो, आणि ते काम आतल्या फोममध्ये कोरलेल्या खाचा करतात. हेल्मेट उलटे करून कपाळाच्या बाजूच्या झरोक्यात बोट ठेवावे आणि मागे नेत जावे. बोटाला सलग, खोल खाच लागली तर उत्तम; मध्येच फोमची भिंत आडवी आली, तर वरून कितीही झरोके दिसोत, वारा तिथेच कोंडणार. काही हेल्मेटमध्ये आपटल्यावर डोक्याला बसणारा पीळ कमी करण्यासाठी मिप्स नावाचा पातळ प्लास्टिकचा थर असतो. त्या थराची भोके झरोक्यांच्या नेमकी खाली आली आहेत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. सिंहगडाच्या घाटरस्त्यावर चढताना वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो आणि समोरचा वारा जवळजवळ नाहीसा होतो. तिथे कपाळावरचे पॅड आणि फोम यांच्यामध्ये राहणारी फटच कामी येते, कारण तापलेली हवा तिथून वर सरकते. झरोके अवाच्या सवा मोठे असणे हाही काही निव्वळ गुण नव्हे. फोम जितका कोरला जातो तितका उरलेल्या फोमवर आघाताचा भार वाढतो आणि तो अधिक घट्ट, अधिक कडक करावा लागतो.

जाळी पुढच्या झरोक्यांना असली की काम भागते, कारण किडा वाऱ्याबरोबर आत ढकलला जातो तो पुढूनच. मागून हवा बाहेर पडत असते. सातेरी मधमाशी सेंटिमीटरभर लांब असते आणि आग्यामाशी तिच्या दीडपटीहून मोठी, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र पुरेसे आहे. चिलटेही अडावीत म्हणून मच्छरदाणीसारखी दाट जाळी शोधू नये. ती माशीबरोबर वाराही अडवते आणि घाम-धूळ बसली की बुजून जाते. चिलट आत गेले तर केसांत वळवळेल, दंश करणार नाही. अबुस, युवेक्स, अल्पिना या जर्मन कंपन्यांच्या अनेक हेल्मेटमध्ये अशी जाळी पुढच्या पॅडलाच शिवलेली असते आणि वेल्क्रोवरून सुटी करून धुता येते. ही रचना मला सर्वांत सोयीची वाटते. दुकानातच जाळी बोटाने दाबून पाहावी. कडेला ती फोमपासून सुटत असेल, तर माशीला तेवढी फट पुरते, आणि आत शिरलेल्या माशीला बाहेरची वाट जाळीमुळेच सापडत नाही.

या सगळ्याच्या आधी हेल्मेट मुळात डोक्याचे रक्षण करणारे हवे. आत युरोपच्या ईएन १०७८ किंवा अमेरिकेच्या सीपीएससी मानकाची खूण असावी, मागची घट्ट-सैल करायची चकती फिरवल्यावर ते डोक्यावर हलू नये, भुवयांच्या वर दोन बोटे बसावे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादे-दुसरे बोटच मावावे. यांपैकी एक गोष्ट जरी जमत नसेल, तर जाळी कितीही सुबक असो, ते हेल्मेट घेऊ नये.

ज्यांच्याकडे बिनजाळीचे चांगले हेल्मेट आहे, त्यांनी ते टाकून देण्याचे कारण नाही. मात्र हार्डवेअरच्या दुकानातून जाळी आणून ती आत चिकटवण्याचा मोह टाळावा, कारण अनेक चिकटद्रव्यांतील द्रावक हा फोम विरघळवतात आणि बाहेरचे कवचही कमकुवत करतात. हे नुकसान वरून दिसतही नाही. त्यापेक्षा हेल्मेटखाली पातळ सुती किंवा जाळीदार टोपी घालावी. तिने वारा थोडा कमी लागतो, पण घाम टिपला जातो आणि माशीची नांगी कातडीपर्यंत पोहोचणे अवघड होते. टोपी घातल्यावर चकती पुन्हा जुळवून घ्यावी, आणि टोपी इतकी जाड नसावी की हेल्मेट वर उचलले जाईल.

जाळीचे पॅड आठवड्याला कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवून सावलीत वाळवावे. घामाचे मीठ साचले की जाळी आधी ताठर होते आणि मग टाक्यापाशी फाटते. पावसाळ्यात पॅड दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाहीत, म्हणून हेल्मेट घेतानाच त्याच मॉडेलचा जाळीसकट दुसरा संच मिळतो का ते विचारून ठेवावे, आणि मिळत असेल तर तेव्हाच घ्यावा. मॉडेल बदलले की नेमक्या त्याच आकाराचे पॅड पुन्हा मिळणे कठीण असते.