एकच वायू, दोन पुस्तकं

शनिवार, लातूर

आज दिवसभर मेडिकल प्रवेशाच्या NEET परीक्षेसाठी थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णता आणि काम यांचा धडा. सकाळी फिजिक्समधलं, मेसचा डबा आल्यावर केमिस्ट्रीमधलं. दोन्ही एकाच दिवशी घ्यायचं मुद्दाम ठरवलं होतं, कारण मध्ये आठवडा गेला की चिन्हांचा घोळ ठरलेलाच. फिजिक्सच्या पुस्तकात काम म्हणजे वायूने केलेलं काम. म्हणून दिलेली उष्णता म्हणजे आंतरिक ऊर्जेतली वाढ अधिक काम. केमिस्ट्रीत काम म्हणजे वायूवर झालेलं काम. तिथे उष्णता आणि काम यांची बेरीज केली की आंतरिक ऊर्जेतला बदल मिळतो, आणि वायू प्रसरण पावला की काम उणे. दट्ट्या तोच, वायू तोच, नियमही तोच. पण इकडची सवय तिकडे नेली की मिळणारे चार मार्क जातात आणि वर एक कापला जातो. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली आणि एकच गणित दोन्ही बाजूंना दोन्ही पद्धतींनी सोडवलं. उत्तर अर्थातच एक आलं, तरी बरं वाटलं.

रूममेटला हे सगळं फालतू वाटतं. "अगं, बायोत साडेतीनशेच्या जवळ जा, फिजिक्समध्ये निम्मे प्रश्न आले तरी बास!" बायोचे 90 प्रश्न, 360 मार्क, फिजिक्सचे 45, म्हणजे 180. हिशोब तिचा चुकत नाही. पण बायो इथे सगळ्यांचंच चांगलं असतं. अभ्यासिकेत शेजारी बसलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनचे भाग घडाघडा सांगेल. पुढे-मागे व्हायचं ते फिजिक्सवरच. 2025 च्या पेपरला फिजिक्सने भल्याभल्यांना घाम फोडला, हे तीही विसरलेली नाही. तरी ऐकत नाही.

संध्याकाळी जुन्या पेपरांतला एक प्रश्न लागला. एकअणू वायूला स्थिर दाबाखाली उष्णता दिली, तर कामात गेलेला भाग किती? आधी मी पीव्ही, म्हणजे दाब आणि आकारमानाचा, आलेख काढून क्षेत्रफळ शोधायला बसायचे. आता तसं करत नाही. स्थिर आकारमानाची मोलर उष्माधारिता (एक मोल वायू एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) दीड आर, स्थिर दाबाची अडीच आर; आर म्हणजे वायू स्थिरांक. फरक एक आर, आणि तो एक आर म्हणजेच काम. एकाला अडीचने भागा, दोन पंचमांश. द्विअणू वायू असेल तर दोन सप्तमांश. कॅल्क्युलेटर मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी बघावं, इथे गुणाकारसुद्धा लागला नाही.

तो एक आरचा फरक ज्याच्या नावाने ओळखला जातो तो मायर डॉक्टर होता! ज्युलियस रॉबर्ट मायर, जर्मन. 1840 मध्ये डच जहाजावर डॉक्टर म्हणून जावाला गेला. तेव्हा उपचार म्हणून रक्त काढायचे. खलाशांच्या शिरेतलं रक्त त्याला नेहमीपेक्षा लालभडक दिसलं. त्याने विचार केला की उष्ण प्रदेशात शरीराला ऊब राखायला कमी जाळावं लागतं, म्हणून ऑक्सिजन कमी खर्च होतो. तिथून तो उष्णता आणि काम यांच्या नात्यापर्यंत पोहोचला आणि 1842 मध्ये ते छापलं. थॉमस यंगही डॉक्टरच, ज्याचा स्थितिस्थापकतेचा मापांक आणि प्रकाशाचा दोन फटींचा प्रयोग आपण घोकतो. विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरला ज्याचं नाव मिळालं तो गॅल्व्हानीसुद्धा शरीरशास्त्राचाच माणूस, बेडकांच्या पायांवर प्रयोग करणारा. डॉक्टरला फिजिक्स कशाला, असं गावाकडचे काका दर सुट्टीत विचारतात. पुढच्या वेळी त्यांना मायर सांगणार आहे. पटणार नाही, पण सांगणार.

पपांचा फोन आला होता. त्यांना फक्त जेवलीस का एवढंच विचारायचं होतं, पण मी मायरची सगळी गोष्ट ऐकवली. "म्हणजे तो पास झाला होता ना?" एवढंच म्हणाले.

उद्या दोन ते पाच टेस्ट, खऱ्या पेपरच्याच वेळेला. बायो पाऊण तासात उरकायचं, मग केमिस्ट्री, आणि फिजिक्सला तासाभराहून जास्त वेळ ठेवायचा. ओएमआर, म्हणजे गोल रंगवायची उत्तरपत्रिका, मात्र सोबतच भरत जायचं, शेवटी एकदम नको. रोटेशनचे, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंचे, प्रश्न सरळ सोडून द्यायचे असं रूममेट म्हणते. मी म्हणते की आधी वाचून तरी बघू, जडत्व आघूर्णाचा सोपा एखादा निघतोच. आत्ता दिवा मालवायची वेळ झाली तरी यावरच आमचं भांडण चालू आहे, आणि ती उठून माझीच सूत्रांची वही घेऊन बसली आहे.