मोतीबिंदूचे उरलेले थेंब

आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं होतं. थेंबांची बाटली अर्धी उरली, ती त्यांनी जपून ठेवली आणि घरातल्या पर्शियन बोक्याचा डोळा लाल झाला तेव्हा त्याला सुरू केली. दिवसातून चार वेळा, घड्याळ बघून. एवढ्या नेमाने औषध घालणारं माणूस माझ्याकडे क्वचित येतं.

"आधी चांगला फरक पडला होता डॉक्टर, लाली पार गेली होती. आता उघडतच नाहीये," मुलगा म्हणाला. हे ऐकलं की मी आधी बाटली मागतो. अँटिबायोटिक अधिक डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. स्टेरॉइडने लाली उतरते, घरच्यांना हायसं वाटतं आणि बुबुळावर जखम असली तर ती खोल जाते. त्यातून मांजरांचे डोळे येतात ते बरेचदा हर्पिसने. पिल्लूपणीच्या सर्दीतला हा विषाणू जन्मभर नसांत दबा धरून बसतो. स्टेरॉइड मिळालं की त्याचं फावतं.

फ्लुओरेसिनची केशरी पट्टी सलाइनने भिजवून डोळ्याला टेकवली, डोळा धुतला, दिवा मालवून निळा प्रकाश टाकला. धड बुबुळ हा रंग धरत नाही. याचं मधोमध हिरवंगार चमकलं आणि जखमेच्या कडा जेलीसारख्या लिबलिबीत. म्हणजे बुबुळ विरघळायला लागलं होतं.

इथे मला सीरमचा फार भरवसा वाटतो. बोक्याचंच रक्त काढलं, गोठू दिलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं आणि वरचं पिवळसर सीरम निर्जंतुक ड्रॉपरमध्ये भरलं. बुबुळ विरघळवणाऱ्या एन्झाइमना ते आवरतं. बाटली फ्रीजमध्ये, थेंब दर दोन तासांनी. सोबत अँटिबायोटिकचे साधे थेंब, डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात नरसाळं आणि फॅमसायक्लोव्हिर, म्हणजे माणसांना नागिणीवर देतात ती गोळी. चिठ्ठीवर 'बदली गोळी नको' असं ठळक लिहावं लागतं. काही मेडिकलवाले "एकच आहे हो" म्हणत व्हॅलासायक्लोव्हिर देतात. त्याने मांजराचं यकृत आणि मूत्रपिंड निकामी होतं.

मुलगा हळूच म्हणाला, "आईला थेंबांचं सांगू नका, मनाला लावून घेईल."

घरात आणखी एक मांजर होतं. शिवाय दर दोन तासांनी थेंब घालणार होत्या त्या आजीच. मी सांगितलं.

"माझ्या डोळ्याला दिलेलं औषध, त्याला कसं बाधलं?"

"तुम्हाला देण्याआधी डोळा तपासला होता, आजी."

"मग बाटलीवर तसं लिहायला नको?"

लिहिलेलं असतं. शेड्यूल एचचा, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, तोही मोतीबिंदूच्या पेशंटने वाचायचा. यावर मी काय बोलणार?

डोळा वाचला. मध्ये पांढरं फूल राहिलंय. पर्शियन जातीत अशा जागी पुढे काळी खपली धरू शकते, म्हणून तपासायला बोलावत असतो. आणायला मुलगाच येतो. तुटक बोलतो. आईची झोप उडाली होती म्हणाला. उडाली असेल. सीरमची मात्र रात्रीचीसुद्धा एक वेळ चुकली नव्हती. निदान त्याच्यासमोर न सांगता आजींना एकटीला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं का, यावर माझं आणि माझ्या सहकारी डॉक्टरबाईंचं अजून जमलेलं नाही.