न्यूयॉर्कच्या सरकारी हायस्कुलात जायचंय? मग मुंबईच्या शाळेत आणखी एक चक्कर मारा

बदली ठरली की मुंबईकर पालक आधी घर बघतात आणि मग घराजवळची चांगली शाळा. न्यूयॉर्क शहरात हायस्कूलसाठी हा क्रम चालेलच असं नाही. नववी ते बारावीच्या शाळा शहरभरातून निवडता येतात. आठवीतली मुलं साधारण डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पसंतीक्रम भरतात. स्टायव्हसंट, ब्रॉन्क्स सायन्स अशा आठ शाळांची प्रवेश परीक्षा असते, तीही दिवाळीच्या आसपास. वर्षाच्या मध्येच पोचणाऱ्यांनी फॅमिली वेलकम सेंटर, म्हणजे शहराच्या शिक्षण खात्याचं प्रवेश कार्यालय, गाठायचं. जिथे जागा असेल तिथे प्रवेश मिळतो. फी नाही, दुपारचं जेवण २०१७ पासून सगळ्यांना फुकट, व्हिसा कुठला हेही विचारत नाहीत.

गोची होते ती क्रेडिटमध्ये. आपल्याकडे दहावीच्या एका निकालावर सगळं ठरतं, नववीचं प्रगतिपुस्तक माळ्यावर गेलं तरी कुणाचं काही अडत नाही. तिथे नववीच्या पहिल्या सत्रापासून हिशेब सुरू होतो. एक विषय एक सत्र पास झाला की साधारण एक क्रेडिट, आणि डिप्लोमाला, म्हणजे बारावीनंतरच्या हायस्कूलच्या प्रमाणपत्राला, लागतात ४४: इंग्रजी ८, सामाजिक शास्त्रं ८, गणित ६, विज्ञान ६, बाकी इतर. शिवाय रीजंट्स नावाच्या राज्याच्या परीक्षा आहेतच. नुसती एसएससीची गुणपत्रिका घेऊन गेलात, तर नववीची क्रेडिट्स कशावरून द्यायची? दहावी पास मुलाला मग खालच्या वर्गात बसवलं जाऊ शकतं.

म्हणून मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, इंग्रजीत पत्र घ्या. त्यात नववी आणि दहावीचे विषयवार गुण हवेत. गणिताचा भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, हे स्पष्ट लिहून घ्या, कारण तिथे अल्जिब्रा आणि जॉमेट्री हे दोन वेगळे, वर्षभराचे विषय आहेत. नुसतं ‘मॅथ्स’ लिहिलं की दोन्हींऐवजी एकच धरला जाण्याची भीती. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आपल्याकडे ३५ ला पास आणि ७५ ला विशेष प्राविण्य, ही ओळ पत्रात हवीच. तिथे पास ६५ ला. आपला फर्स्ट क्लासमधला ६८ त्यांना काठावरचा वाटतो.

जन्मदाखला काढून बघा. महापालिकेच्या जुन्या दाखल्यांवर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं. ते घालून घ्यायला वेळ लागतो. पत्त्याचे दोन पुरावे लागतात. नातेवाइकांकडे उतरणार असाल, तर भाडेकरार ज्यांच्या नावावर आहे त्यांचं प्रतिज्ञापत्र लागेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

लशींच्या कार्डावर हमखास अडतं. सरकारी दवाखान्यात मिळते ती एमआर, म्हणजे गोवर-रुबेला. न्यूयॉर्कला गालगुंडासकट एमएमआरचे दोन डोस हवेत, कांजिण्यांचे दोन, आणि सातवीपासून मेनिंगोकॉकल (एका प्रकारच्या मेंदूज्वरावरची) लससुद्धा. कांजिण्या आणि मेनिंगोकॉकल आपल्या सरकारी लसीकरणात नाहीत. दोन डोसांत अंतर ठेवावं लागतं, तेव्हा निघायच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

घरी कुठली भाषा बोलता, या फॉर्मवर पालक भीतीपोटी ‘इंग्लिश’ लिहितात. मराठीच लिहा. मुलाशी आधी बोलून बघतात, गरज वाटली तरच चाचणी घेतात. खोटं लिहून मराठी माध्यमाच्या मुलाची जादा इंग्रजीची मदत मात्र हकनाक जाते.

वर्गात ‘आमची तुकडी’ हा प्रकार नाही. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, तासागणिक खोली आणि बाजूचे चेहरे बदलतात. पहिले काही महिने मूल एकटं पडतं ते त्यामुळेच. ओळखी होतात त्या क्लब, टीम आणि जेवणाच्या टेबलावर. सप्टेंबर २०२५ पासून शाळेच्या वेळात फोनही बंद, त्यामुळे कोपऱ्यात स्क्रीनमध्ये डोकं घालून बसायची सोय उरली नाही (बरंच झालं). दिवाळीची सुट्टी २०२४ पासून मिळते, पण एकच दिवस.

आणि जिम. पीटीचा तास समजून मुलं बुडवतात. त्याचीही ४ क्रेडिट्स आहेत. बाकी सगळ्यांत नव्वदी गाठलेला मुलगा बारावीच्या शेवटच्या सत्रात दोन-दोन जिमचे तास भरत बसलाय, हे तिथल्या समुपदेशकांना नवीन नाही. दर सत्राच्या शेवटी ट्रान्स्क्रिप्टची, म्हणजे गुण आणि क्रेडिट्सच्या नोंदीची, प्रत मागून घ्या आणि ४४ मधले किती झाले, ते स्वतः मोजा.