हँगर मिळता मिळेना

माउंटन बाइकवर पंक्चर, ब्रेक, चेन यांची दुखणी रानात कशीतरी निभावता येतात. मागचा डिरेलर चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवतो; त्याला फ्रेमशी जोडणारा छोटा तुकडा म्हणजे हँगर. तो तुटला की मात्र गाडी दुकानदाराच्या हवाली होते. माझा सगळा राग तिथला आहे.

रस्ता पानशेतहून कादवे खिंडीतून वेल्ह्याकडचा, मध्ये डांबरी सोडून पायवाटांचा. पाऊस नुकताच संपलेला. आधी बाभळीच्या काट्याने पुढचं टायर बसलं. ट्यूबलेस असलं तरी आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत वाळतं. २९ इंची टायरात ९०-१०० मिली ओलं सीलंट असेल तरच भोक बुजतं. चाक हलवून आत डुचमळल्याचा आवाज येत नसेल तर घरीच भरून निघा. मग उतारावर मागचा ब्रेक गेला. रेझिनचे पॅड चिखलपाण्यात बघता बघता झिजतात. पावसाळ्यात मेटलचे लावा, थोडे किरकिरतात एवढंच.

खरा घोटाळा कारवीने केला. वाळकी कारवी वाकत नाही. काडी चेनबरोबर डिरेलरच्या पिंजऱ्यात ओढली गेली, पिंजरा स्पोकमध्ये घुसला आणि हँगर कटकन तुटला. हँगर मऊ अ‍ॅल्युमिनियमचा असतो तो याचसाठी, की तो तुटावा आणि फ्रेम वाचावी. मागून खरखर ऐकू आली की त्याच क्षणी पेडल थांबवायचं. आणखी अर्धा फेरा मारला की डिरेलर आणि स्पोकही जातात.

अशा वेळी गाडी एकाच गिअरची करायची. डिरेलर सोडवून केबलसकट फ्रेमला बांधा. चेन कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) मधल्या, पुढच्या चकतीशी सरळ रेषेत येणाऱ्या चकतीवर घ्या. चेन कटरने अशी तोडा की दोन्ही टोकांना आतली कडी राहील. क्विक लिंक, म्हणजे चेनची सुटी जोडकडी, दोन आतल्या कड्यांनाच जोडते. सेंटिमीटरभर ढील ठेवा. नेमका ताण जमत नसेल तर शेजारची चकती करून बघा. उभं राहून जोर लावू नका, कारण कॅसेटचे दात चेन वर चढवायलाच घडवलेले असतात. मोठ्या चकतीवर चढली की ती ताणून तुटते. हे हार्डटेलवर, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या गाडीवर चालतं. फुल सस्पेन्शनवर मागचा भाग दबताना चेनची लांबी बदलते, तिथे सरळ ढकलत चला. तोडलेला तुकडा फेकू नका. दुसरी क्विक लिंक असली तर घरी परत जोडता येतो. वेल्ह्याहून नसरापूरपर्यंत टेम्पो मिळाला. गाडी आडवी टाकताना चेनची बाजू वर.

आता दुकान. जिथून गाडी घेतली तिथे, "कंपनीकडे टाकलंय, आलं की फोन करतो." फोन आलाच नाही. मीच केला तर फ्रेम नंबर मागितला, मग बिल, मग मॉडेलचं वर्ष. शेवटी जो हँगर आला त्याची भोकं जुळली, पण तो ड्रॉपआउटच्या, म्हणजे मागचं चाक बसतं त्या फ्रेमच्या टोकाच्या, बाहेरून बसणारा. माझा आतून बसतो. त्यावर दुकानदार म्हणतो, "थोडं घासून बघू." घासून हँगर बसवायचा नसतो! दीड-दोन मिलिमीटरचा फरक राहिला तरी गिअर जन्मात जुळणार नाहीत.

हँगरचे आकार शेकड्यांनी आहेत, म्हणून मॉडेलच्या नावावर विसंबू नका. तुटलेले तुकडे जुळवून पट्टीशेजारी ठेवा आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. स्क्रू किती, त्यांच्या मध्यांमधलं अंतर किती, आतून बसतो की बाहेरून, एवढं लिहा. कोरलेला नंबर असेल तर तोही. मग हँगरच विकणाऱ्यांच्या चित्रांशी आकार ताडून बघा. मला शेवटी असाच ऑनलाइन मिळाला, दुकानाचा फोन अजून यायचाय. नवी गाडी घेणार असाल तर तिला यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) आहे का, हे रंगाच्या आधी विचारा. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणलेला हा हँगर बऱ्याच ब्रँडच्या फ्रेमना एकच चालतो.

नवा हँगर सरळच असतो असंही नाही. चाक लावून, अ‍ॅक्सल आवळून हँगर सरळ आहे का ते मोजणारं अलाइनमेंट गेज लावायला सांगा. रिमपासूनचं अंतर वर, खाली, पुढे, मागे अशा चार जागी मोजायचं. फरक ४ मिलिमीटरच्या आत हवा. प्रत्येक वेळी चाक फिरवून व्हॉल्व्हपाशीच मोजायचं, नाहीतर रिमचा वाकडेपणा हँगरच्या माथी बसतो. मगच लिमिट स्क्रूला, म्हणजे डिरेलर किती सरकावा हे ठरवणाऱ्या स्क्रूला, हात लावू द्या. खूप मेकॅनिक उलटं करतात आणि तासभर केबलशी झगडत बसतात.

राहिलंच, गावातल्या पंक्चरवाल्याकडची हवा अशा गाड्यांच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला जात नाही. पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा.

आणि हँगर घ्याल तेव्हा दोन घ्या. एक सॅडल बॅगेत, त्याच्या स्क्रूंसकट; जुन्या स्क्रूंची डोकी काढतानाच झिजतात.