हातोडा शेवटी: जीवाश्मांच्या शोधात खाणीतला एक दिवस

क्लबची गाडी खाणीच्या फाटकाशी लागली तेव्हा ऊन नुकतंच पडू लागलं होतं. ही वेळ मुद्दाम धरलेली. सूर्य खाली असतो तेव्हा दगडावरच्या बारीक उंचवट्यांचीही सावली पडते आणि ॲमोनाइटची (वेटोळ्या कवचाचा, आता नामशेष झालेला समुद्री जीव) एखादी बरगडी, शिंपल्याची कड चार पावलांवरून डोळ्यांत भरते. भर दुपारी तोच उतार नुसता करडा दिसतो. म्हणून पहिला दीड तास सगळ्यांचे हातोडे पाठपिशवीतच राहिले. नवख्यांना हे फार जड जातं.

फाटकावर हेल्मेट, भडक जाकीट आणि घोट्यावर येणारे बूट तपासले जातात. परवानगी लेखी असते. कुठल्या भागात फिरायचं आणि काय उचलायचं, तेही तिच्यातच लिहिलेलं असतं. सांगाडा किंवा मोठं हाड दिसलं तर हात लावायचा नाही, फोटो आणि जागेची नोंद घेऊन तज्ज्ञांना कळवायचं. उभ्या कड्याच्या पायथ्याशी तर डबा खायलासुद्धा बसायचं नाही. इंग्लंडमधली प्रसिद्ध जीवाश्म-शोधक मेरी ॲनिंग, तिच्याइतकी किनाऱ्यावरचे कडे ओळखणारी माणसं थोडीच झाली असतील, तरी १८३३ साली तिच्या लाइम रेजिस गावी दरड कोसळली, तिच्याखाली तिचा कुत्रा ट्रे गेला आणि ती स्वतः थोडक्यात बचावली.

सुरुवात मलब्याच्या ढिगापासून केली. पावसाने आणि उन्हाने तिथले दगड आधीच फोडून ठेवलेले असतात, आपण फक्त वाकायचं. खोट इतकीच, की तिथल्या नमुन्याचा मूळ थर हरवलेला असतो. उतारावर मात्र थराचा माग काढता येतो. बेलेम्नाइटचे (माकूळासारखा नामशेष समुद्री जीव) बंदुकीच्या गोळीसारखे तुकडे पायथ्याशी दिसू लागले की वर चढत जायचं. जिथे ते एकाएकी थांबतात, तिथेच किंवा किंचित खाली त्यांचा थर असतो. फसवणारेही बरेच भेटतात. चुनखडीच्या फटीत मँगनीजच्या ऑक्साइडची काळी नक्षी उमटते, ती हुबेहूब नेच्याच्या पानासारखी दिसते. खऱ्या पानाला मधली शीर असते, हिला नुसतेच फाटे.

हातोडा निघाला तो गोट्यांसाठी. मऊ चिकणमातीत सापडणाऱ्या या कठीण चपट्या गोट्यांच्या पोटात बऱ्याचदा ॲमोनाइट असतो. गोटा मोठ्या दगडावर कडेवर उभा धरायचा आणि कडेकडेने फिरवत हलके ठोके द्यायचे. जीवाश्माच्या पातळीवर दगड कमजोर असतो, त्यामुळे तो बहुधा तिथेच उकलतो. मधोमध एकच जोराचा घाव घातला तर गोट्याबरोबर आतल्या ॲमोनाइटचेही चार तुकडे. दोन्ही अर्धी ठेवायची; ठसा उमटलेलं अर्ध फेकून देणारे पुढे हमखास हळहळतात. सुताराचा हातोडा इथे चालत नाही, त्याच्या पोलादाचे कपचे उडतात. हातोड्यावर हातोडा मारणं त्याहून वाईट. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, शेजारी उभ्या असणाऱ्याच्याही.

मोठ्या खडकातला नमुना काढताना छिन्नीचं टोक जीवाश्माकडे कधीच वळवायचं नाही. नमुना जेवढा रुंद, निदान तेवढं अंतर सोडून भोवती चर खणायचा. खालचा आधार सर्वांत शेवटी तोडायचा. तडा गेलाच तर जागेवर झटपट चिकटणारा गोंद लावण्याचा मोह टाळावा. तुकडा केसभर सरकून बसला तर तो जोड सुटता सुटत नाही. घरी पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळेचं चिकटद्रव्य ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतो. ठिसूळ नमुन्यात मुरवायला ५ टक्क्यांच्या आसपास पातळ, जोडायला बरंच दाट. चुकलं तर ॲसिटोननेच सुटतं. खिडकी मात्र उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको.

नमुना आधी मऊ कागदात, मग वर्तमानपत्रात गुंडाळायचा. कापूस थेट लावला तर त्याचे धागे काट्याकुट्यांत अडकतात आणि सोडवताना टोकं मोडतात. ओला शेल (चिखलाचा थरथरांचा खडक) उन्हात ठेवला तर तासाभरात पापुद्रे सुटू लागतात, त्याला सावलीत सावकाश वाळू द्यावं. चिठ्ठी तिथल्या तिथे लिहायची, पेन्सिलीने, कारण ओलीने शाई पसरते: जागा, जीपीएसचे आकडे, थर आणि ओळखीच्या थरापासूनची उंची, तारीख, शोधणाऱ्याचं नाव. ‘घरी गेल्यावर लिहू’ म्हणणाऱ्याच्या पिशवीतून संध्याकाळी निघतात ते नुसते सुंदर दगड.

परतताना प्रत्येकाने ४-५ किलो चिकणमाती घेतली, बारीक दात आणि खवल्यांसाठी. ती आधी खडखडीत वाळवायची. हीच पायरी लोक गाळतात. ओलसर माती पाण्यात तशीच गोळा होऊन बसते, पूर्ण वाळलेली मात्र पाणी शोषताच आपोआप विरघळते. रात्रभर भिजवून २ मिमी आणि त्याखाली ०.५ मिमीच्या चाळणीतून धुवायची. गाळ मोरीत ओतायचा नाही, पाइप तुंबतो. उरलेला चुरा वाळवून १० पट भिंगाखाली ओल्या बारीक ब्रशने निवडायचा.

सोनेरी चमकणारे पायराइटचे (लोह आणि गंधकाचं खनिज) ॲमोनाइट सगळ्यांना हवे असतात आणि दगा देतात तेही हेच. दमट हवेत पायराइटचं ऑक्सिडीकरण होतं, गंधकाम्ल तयार होतं, नमुना फुगून चिरतो आणि चिठ्ठीही जळते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हे झपाट्याने चालतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवून आणि रंग पालटला की ते बदलून आर्द्रता ४५ टक्क्यांच्या खाली राखतो. झाकण उघडताच गंधकाचा उग्र वास आला किंवा पांढरी-पिवळी भुकटी दिसली, तर तो नमुना त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा करायचा.