एका सहीपायी राहिलेल्या चौदा विहिरी

एम.एस्सी. भूशास्त्राच्या प्रबंधासाठी मी पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यातल्या ४० विहिरी घेतल्या होत्या. विषय, मार्गदर्शक, नकाशे सगळं वेळेत झालं. अडलं ते क्षेत्रकामाच्या परवानगीवर. पाणीपातळी मोजायचं यंत्र विभागाकडून मिळतं, पण त्याला कॉलेज कार्यालयाची मंजुरी लागते.

२१ एप्रिल २०२५ रोजी अर्ज दिला. चार दिवसांनी विचारलं, तर सही आहे पण शिक्का नाही. शिक्का घेऊन गेले, तर आवक क्रमांक पडलेला नाही, कारण रजिस्टर ज्यांच्याकडे ते परीक्षेच्या कामाला. "सोमवारी या." सोमवारी अर्जच परत, विहिरींची यादी जोडली नाही म्हणून! यादी मी पहिल्याच दिवशी जोडली होती. टाचणी निघून ती भलत्याच फायलीत गेली होती. पुन्हा नवा अर्ज, पुन्हा सहीसाठी फेऱ्या. आजही आठवलं की डोकं तापतं. अर्ज देताना त्याच्या प्रतीवर पोच घ्याच.

उन्हाळ्याअखेरची पातळी पाऊस पडायच्या आत मोजावी लागते. ऑक्टोबरच्या पातळीशी ताडून पाहिली की किती पाणी मुरलं ते कळतं. आपल्या झिजलेल्या बेसॉल्टचं स्पेसिफिक यील्ड (खडकाच्या एकूण आकारमानापैकी निथळून मिळणारं पाणी) साधारण २ टक्के धरतात, म्हणजे हेक्टरभर क्षेत्रात पातळी १ मीटर चढली तरी पाणी वाढतं जेमतेम २ लाख लिटर. मे हुकला की वर्ष गेलं. त्या खिडकीवर हे मी तीनदा सांगितलं.

१० मेला वाट बघणं सोडलं आणि हार्डवेअरच्या दुकानातून ३० मीटरची स्टीलची टेप आणली. सुरुवातीच्या मीटरभर भागाला खडू फासायचा आणि टेप विहिरीत सोडायची. काठावर ९ मीटरची खूण धरली आणि खडू ३८ सेंटिमीटरपर्यंत ओला निघाला, तर पाणी ८.६२ मीटरवर. त्यातून कठड्याची उंची वजा करा, कारण पातळी जमिनीपासून धरतात. पहिली नोंद वहीत उतरवली तेव्हा फार बरं वाटलं.

एका विहिरीवरच्या आजी म्हणाल्या, "पोरी, मोटार चालू व्हायच्या आत येत जा." खरंच होतं. उपसा चालू असला की मिळते ती ओढलेली पातळी. शेतीची लाइट रात्री येऊन गेली असेल, तर विहीर भरून येईपर्यंत थांबा. लाइटची पाळी गावात आधीच विचारून ठेवा.

२६ विहिरी झाल्या आणि वळवाने गाठलं; २६ मेला तर मोसमी पाऊसच पुण्यात दाखल झाला. मंजुरी हातात पडली ९ जूनला.

काठावर ऑइल पेंटने खूण करायला विसरू नका, म्हणजे पुढच्या वेळी त्याच जागेवरून टेप सोडता येते. ऑक्टोबरमध्ये मी चाळीसही विहिरी मोजल्या. त्यातल्या १४ विहिरींपुढे मेचा रकाना कोराच आहे.