उघारी

पुस्तक आलं एकदाचं. तेव्हापासून भेटेल तो विचारतोय की मॅडम हा विषय कसा सुचला, आणि मी दरवेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर देतेय कारण खरं उत्तर लांबलचक आहे, म्हणून इथे लिहूनच टाकते.

विषय ठरलेला होता तो भूसंपादन. 17 मार्च 1970 ला नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, ठाणे, पनवेल, उरण तालुक्यातली 95 गावं त्यात आली, मग जानेवारी 1984 मधलं जासईचं आंदोलन, गोळीबार, पाच हुतात्मे, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचा लढा आणि त्यातून आलेली, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना. पीएचडीला मी हेच घेतलं होतं. नौपाड्यातून निघायचं, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडायची, नवी मुंबईतल्या घणसोलीला उतरायचं आणि गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, असे दोन उन्हाळे गेले.

तिथली एक आजी, तेव्हा ऐंशीच्या पुढची, ओट्यावर सुकट निवडत बसलेली. मी रेकॉर्डर लावला आणि भाव किती मिळाला, नोटीस कधी आली असं नेहमीचं सगळं विचारलं, तर ती मान वर न करता म्हणाली, "जमिनीचं पैसं आलं, पन उघारी कोनी मोजली?"

मी घरी येऊन लिहून काढलं ते "उधारी कोणी मोजली". ऐकू तसंच आलं होतं आणि अर्थही चपखल बसत होता, की पैसे आले ते सावकाराकडे गेले. त्या एका वाक्यावर मी कर्जबाजारीपणाचं अख्खं प्रकरण लिहिलं, चाळीसेक पानं.

पुढच्या वर्षी परत गेले तेव्हा मी तिला कर्जाबद्दल विचारायला लागले तर तिला कळेचना. म्हणाली, आमी कुनाचं काय घेतलं नवतं बाय. मग तिच्या मुलाने समजावलं. आगरी बोलीत ड चा र होतो, गाडीची गारी, घोड्याचा घोरा, तशी उघाडीची उघारी.

उघाडी म्हणजे खारबांधातलं लाकडी दार. खाडीला लागून शेती करायची तर आधी मातीचा बांध हवा, आणि त्या बांधात हे दार, भरतीच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटणारं आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडणारं. पावसाने जमिनीतला खार धुतला गेला की मग लावणी. उधाणाला एकदा बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं की दोन-तीन वर्षं ते शेत गेलंच म्हणून समजा. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या रात्री गावातले लोक कंदील घेऊन बांधावर जायचे, घरटी एक माणूस. आजीचा नवरा जायचा, तो आजारी असला की ती स्वतः जायची, कमरेएवढ्या चिखलात उतरून भगदाडात पेंढा आणि माती दाबायची. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती तेही जायचे, कारण बांध गावाचा होता.

आता सातबारा उघडून बघा. सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पीक. बांधावर कोण उभं राहिलं याला त्यात रकानाच नाही, आणि 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली मोबदला ठरला तो कागदावर ज्याचा हक्क त्याच्या नावाने. आजीचा प्रश्न इतका सरळ होता हो, आणि मी तो एका अक्षरासाठी वर्षभर हुकवला याचं मला अजून वाईट वाटतं.

ते चाळीस पानांचं प्रकरण मी काढून टाकलं आणि जुनी गॅझेटियर्स पुन्हा काढली. कुलाबा जिल्ह्याचं (आताचा रायगड) 1883 चं आहे त्यात शिलोत्री पद्धत दिलीये, खारजमिनीचे बाहेरचे बांध सांभाळणाऱ्याला कुळांकडून त्याबद्दल वेगळं धान्य मिळायचं. म्हणजे बांधाच्या कामाला मोल होतं, ते हिशोबात धरलं जायचं. (ते मोल बरेचदा वरच्या माणसाच्या पदरात पडायचं, चिखलात उतरणाऱ्याच्या नाही, हेही पुस्तकात सांगितलंय, जुनं ते सगळं सोनं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये.) मग हा हिशोब कागदावरून कधी आणि कसा गेला हाच पुस्तकाचा प्रश्न झाला. भूसंपादन आता शेवटच्या दोन प्रकरणांत आहे फक्त.

गाईड नाराज होते, म्हणाले विषय निसटतोय. मला तो तेव्हाच पहिल्यांदा सापडला होता.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि किंमत घणसोलीत कोणी देणार नाही अशी आहे, ही गोष्ट मला मनापासून खुपते, मराठीचं काम सुरू केलंय. शेवटच्या सूचीत मात्र मी "उघारी" असाच शब्द ठेवला, प्रकाशकाने दोनदा बदलला, दोनदा परत करून घेतला.

गेल्या रविवारी प्रत घेऊन आजीकडे गेले. दिसतं कमी आता, नातवाने पानं उलटून फोटो दाखवले. बांधाच्या फोटोपाशी तिने पुस्तक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ही आमची नाय. ही वरच्या आलीची. आमच्या उघारीला दोन फल्या व्हत्या."

फोटोतली उघाडी वरच्या आळीची, फोटोखाली चुकीची ओळ आहे म्हणजे. प्रकाशकाला त्याच रात्री मेल केला.